दोन हात वार्निश

बागेच्या कमिटीच्या अध्यक्षांनी पेंटरमामूला फसवलं. पेंटरमामूनं कुणालाही फसवलं नाही. लातुरात ही गोष्ट उलटी सांगतात, म्हणून आधीच सुलटी सांगून ठेवते.

परवा कमळ आणि रुक्साना या माझ्या जुन्या मैत्रिणींबरोबर त्या बागेतली सिनेनगरी पुन्हा बघायला गेले होते. शेवटच्या दालनात तिकीटवाला म्हणाला, "हितं पहिल्यांदा हातानं काढलेली चित्रं होती. पण पेंटरनं हलका रंग मारून कमिटीला फसवलं." माझं डोकं फिरलं. रुक्सानानं हात धरला नसता तर त्याची गचांडी धरली असती. पण त्या बिचाऱ्याला काय म्हणायचं? त्याला जे सांगितलं ते तो सांगतोय.

पेंटरमामू तुम्ही पाहिला असता तर तुमच्याही लक्षात राहिला असता. तो बोलता बोलता मागं जायचा. तुमच्याकडं तोंड करून, एक डोळा मिटून, पावलापावलानं मागं. सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवणाऱ्याची ती सवय. जवळून हिरोचं नाक म्हणजे नुसता तपकिरी पट्टा, रस्त्यापलीकडं गेलं की नाक होतं. पण मामू भाजी घेतानाही मागं सरायचा. एकदा नांदेडला असाच सरत सरत तो माझ्या भांड्यांच्या पाटीत जाऊन बसला. पातेली रस्ताभर गडगडली. मी तोंड सोडलं. तो शांतपणे उठला, चेपलेला डबा दूर धरून म्हणाला, "आपा, लांबून बघा की. चेपल्यावाणी दिसत न्हाई."

आमची ओळख ती अशी.

मी तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन फिरायची. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. एका चमच्यासाठी अर्धी दुपार हुज्जत घालायची माझी ख्याती होती, आणि त्या ख्यातीवरच आज औशाला माझं स्वतःचं दुकान उभं आहे. मामू माझ्याकडून ब्रश पुसायला सुती फडकी न्यायचा. मी काहीही भाव सांगितला तरी त्याला कबूल; म्हणायचा, "हाव."

"अहो, घासाघीस करा की जरा. मलाच करमंना झालंय."

"माझ्याकडून बी तुम्हीच करा, आपा. तुम्हाला येतंय."

मग मी माझा भाव सांगायची, त्याच्या वतीनं तो पाडायची, पुन्हा स्वतःवरच चिडायची. तो मान हलवत ऐकायचा, जसं काही गाणं चाललंय.

टॉकीजच्या मागं त्याचं काम चाले. सरसात, म्हणजे गोंदात, कालवलेला पावडरचा रंग. तो मुद्दाम पाण्यानं निघणारा असतो, कारण कापड तेच, सिनेमा दर शुक्रवारी नवा. गुरुवारी मामू बादली घेऊन स्वतःचीच चित्रं धुवायचा. एकदा हिरोइनचे डोळे धुताना म्हणाला, "उभी जिंदगी धुण्यात गेली, आपा. एक तरी भिंत राहावी. पोरंबाळं न्हाईत आपल्याला, भिंत तरी राहावी."

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी बाग हवी, बागेत काहीतरी मुंबईसारखं हवं. अध्यक्षांनी सिनेनगरी काढली. लांबलचक दालनं. एकात बर्फाचा डोंगर, एकात रेल्वे स्टेशन, एकात हवेलीचा जिना, पुढं उभं राहून फोटो काढायचा. आणि शेवटी सिनेमाचा पाऊस. रंगवलेल्या रस्त्यावर वरच्या भोकांच्या पाइपातून खरं पाणी पडणार. तोवर मी औशाला आले होते, आणि मुलीच्या लग्नाची भांडी अध्यक्षांनी माझ्याकडून घेतली होती. पेंटर पाहिजे म्हणाले, मी मामूचं नाव सांगितलं.

सौदा मीच केला, त्यांच्या ओसरीवर. राहणं, खाणं, खाली कोपऱ्यात मामूचं नाव. ऑइल पेंटला अध्यक्ष तयार होईनात. मामू हळूच म्हणाला, "साहेब, पावडरचा रंग पाण्याला टिकत न्हाई."

"वरून वार्निश मारू," अध्यक्ष म्हणाले.

"दोन हात," मी म्हणाले.

"एक बस झाला."

"दोन हात. न्हाईतर आम्ही निघालो."

"बरं बाई, दोन हात. तुमच्या तोंडाला कोण लागंल!"

विडा घेतला. सौदा पक्का. उतरताना मी मामूला म्हणाले, "बघा, असं असतंय." मामू टॉकीजचं काम सोडून लातूरला आला. कायमची भिंत मिळाली होती त्याला.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, बागेतलं बोअर बंद पडलं. भिंत रंगवून झाली होती. ओला रस्ता, छत्र्या, दिव्यांची पाण्यातली पिवळी रेघ. तहानलेल्या गावात ती भिंत बघून अंगावर काटा यायचा. वार्निश मात्र येईना. मामू दर बाजाराला ओसरीवर जायचा.

"प्यायला पाणी न्हाई, तुझा पाऊस कुठला चालू व्हायला लागलाय? घाई काय?" अध्यक्ष म्हणायचे.

"पहिल्यांदा कुणाला काही मागून राहिलो, आपा," मामू मला म्हणाला. "मागताना जीभ अडकतीया."

एकदा मीच गेले. अध्यक्ष घरात नव्हते. सागवानी दारं नवीन होती, आणि ओसरीभर वास होता. मी तशीच परत फिरले. आपल्याला वाटतं, माणूस उद्या देईल.

उद्घाटनाला मोठे साहेब येणार म्हणून वस्तीत जाणारा टँकर बागेकडं वळवला. मामू अध्यक्षांच्या पुढं उभा राहिला. "साहेब, पाऊस नका सोडू. वार्निश न्हाई. मी हात जोडतो." अध्यक्ष म्हणाले, "बाजूला हो, फोटोत येतोयस."

पाऊस सोडला. टाळ्या झाल्या. तेवढ्यात टँकरमागून वस्तीतल्या बाया आल्या, घागरी घेऊन. कुणाला विचारायचं होतं? पाणी पडत होतं. त्या थेट सिनेमाच्या पावसाखाली शिरल्या. धक्काबुक्की झाली, घागरीला घागर लागली. आणि मागं भिंत निघाली. आधी छत्र्या, मग दिवे, मग रस्ता. खाली पिवळ्या-निळ्या पाण्याचे ओहोळ.

मला वाटलं, मामू भिंतीकडं धावेल. तो बायांकडं धावला. "पिऊ नका! माय, पिऊ नका, पिवळ्यात जहर असतंय! सांडा ते!" एकेकीची घागर धरत होता, पालथी करत होता. बाया त्याला शिव्या देत होत्या, एकीनं कळशी फेकून मारली. मागं त्याची भिंत चालली होती आणि त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

अध्यक्षांनी माइक घेतला. "पेंटरनं हलका रंग वापरून कमिटीची फसवणूक केली आहे." मी तिथूनच ओरडले, विड्याची गोष्ट काढली, वार्निशची काढली. दोघांनी धरून मला फाटकाबाहेर काढलं. मामूचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

नांदेडला टॉकीजवर दुसरा पेंटर लागला होता. शिवाय बोभाटा मामूच्या आधी पोचला होता.

शेवटचा तो मला माहूरला दिसला. मी देवीला गेले होते. एका धर्मशाळेच्या भिंतीला तो चुना मारत होता. भिंतीला नाक लावून, वरून खाली, वरून खाली. मी बराच वेळ उभी राहिले. तो एकदाही मागं सरला नाही.

"मामू, लांबून बघा की," मी म्हणाले.

"चुन्यात काय बघायचं, आपा?"

तो गेल्याचं रुक्सानानं सांगितलं, तेही बऱ्याच उशिरा.

परवा त्या दालनात भिंतीवर छापील फ्लेक्स होता. मी नखानं कोपरा उचकटला. खाली नुसतं सिमेंट. रंगाचा डागसुद्धा नाही. पाइप कोरडे, यंदाही पाणी नाहीच. फाटकाशी काळ्या दगडावर अध्यक्षांचं नाव मात्र शाबूत आहे. ते कोरलेलं आहे.

अध्यक्ष अजून आहेत, त्याच ओसरीवर बसतात. परतताना आमची रिक्षा तिथूनच गेली. दारं अजून चमकतात.

अध्यक्षसाहेब, मी तुमच्या तोंडाला लागायला अजून जिवंत आहे. माझ्यासमोर विडा घेतला होता. भिंतीचं ते दोन हात वार्निश कुठल्या दारांना लागलं, तेवढं सांगा.