ढोलीतल्या शिवळा

समस्त सोयऱ्यांना, इष्टमित्रांना आणि विशेषतः त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पाडव्याच्या दुपारी आमच्या ओसरीवर सर्व बाजूंचा विचार होऊन आमची बैलांची दमणी यंदा कोणत्या गावी कोणत्या दिवशी थांबणार हे ठरले आहे. ज्यांनी अजून वड्यांचे पीठ दळून आणले नसेल त्यांनी ते आणावे.

असे पत्रक आम्ही कधी छापले नाही, पण दर दिवाळीला माझ्या नवऱ्याचा चेहरा मात्र तेच वाचून दाखवत असल्यासारखा व्हायचा. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकीबाळी, जावई, मित्र सगळे त्या गावात गोळा होतात, जेवतात, दंडारीचं सोंगनाटक पाहतात आणि लग्नाच्या मुलामुलींवर नजर टाकतात. तेव्हा एका गावची मंडई उरकून दुसऱ्या गावची गाठायची, तर हिशेब नीट बसवावा लागतो. आम्ही दोघे मग ओसरीवर बसायचो. शेणानं सारवलेल्या भुईवर तो खडूने रस्ते काढायचा आणि एकेका गावाच्या जागी चिंचोका ठेवायचा. मी तो उचलून दुसरीकडे ठेवायची. तो परत जागेवर ठेवायचा. लढाईच होती ती, आणि खरं सांगते, वर्षभरातला माझा सर्वांत आवडता खेळ होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही कामठ्याजवळ राहत होतो आणि माझं माहेर तिरोड्याच्या पलीकडे. गोंदियाला जाऊन आगगाडीत बसलं की तिरोडा हाकेवर. पण नवऱ्याने त्या वर्षी पांढरीशुभ्र बैलजोडी घेतली होती आणि दमणीसाठी कोरीव जू करून आणलं होतं. जुवाच्या दोन्ही टोकांना बैलाची मान अडवायला ज्या खुंट्या असतात, त्या शिवळा. आमच्या शिवळा बोटाएवढ्या बारीक, वर पितळी टोपण. मी आगगाडीचं नाव काढलं तर म्हणाला, "रेल्वेत बसलो त जोडी कोन पाहीन वो?"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं, पण त्या वर्षी माझं काम होतं. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला माहेरच्या मंडईला पाहुणे येणार होते. मुलगा म्हणजे बिजवर. पहिली बायको गेलेली, घरी दोन मुलं, केस कानांवर पांढरे. जमीन मात्र नहराखालची, कालव्याच्या पाण्याची, म्हणून वडिलांना स्थळ पसंत. बहिणीला नको होतं. हे तिनं मला पोळ्याला आली होती तेव्हा जात्यावर बसून सांगितलं होतं आणि वडिलांना सांगायची तिची छाती नव्हती. आई आम्हाला नव्हती. वडिलांपुढे तोंड उघडू शकणारी त्या घरात एकटी मीच, मोठी म्हणून आणि तोंडाळ म्हणून. तेव्हा तिनं वडिलांना एवढंच सांगून ठेवलं होतं की बाई आली म्हणजे मी काय ते सांगीन. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. वडीलही कबूल झाले होते.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने माहेरच्या जागी सर्वांत मोठा चिंचोका ठेवला आणि म्हणाला, मंडईच्या आदल्या संध्याकाळी पोचवतो. आधी त्याचा मित्र, मग फुलचूरला त्याची बहीण, तिथून सरळ माहेर. तेवढ्यात मीच म्हटलं, वाटेवर माझी मैत्रीण आहे. लग्नानंतर तिचं घर मी पाहिलेलं नाही. तिच्या गावची मंडई माझ्या माहेरच्या मंडईच्या आदल्याच दिवशी. दुपारी जेवू आणि निघू.

त्याने कपाळाला आठ्या घालून खडूचा रस्ता बोटाने दोनदा मोजला. मग म्हणाला, "काम तुह्या माहेरचं हाये. पाहून घे." आणि ठेवला चिंचोका.

मित्राकडे सगळं ठीक झालं. बैलांचं कौतुक पोटभर झालं. नणंदेनं रडून-भांडून एकच दिवस ठेवून घेतलं. ठरल्याप्रमाणे मैत्रिणीच्या दारात सकाळीच दमणी उभी राहिली.

तिच्या सासरी एक गंमत होती. पाहुण्याच्या गाडीचे बैल सोडले की घरच्या बाया शिवळा लपवायच्या. पाहुणा निघायला लागला की शोधाशोध, चिडवाचिडवी, आणि जेवण झाल्याशिवाय त्या परत मिळायच्या नाहीत. मैत्रिणीनं पितळी टोपणांच्या शिवळा हातात घेतल्या आणि डोळे मिचकावले. नवरा आल्यापासून घाई करत होता. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर निघायची चिंता त्याला होती आणि ती माझ्यासाठी होती. मला मात्र त्याची ती सेनापतीची ऐट उतरवायची भारी हौस आली. म्हटलं, दे इकडे, मीच लपवते. माजघरात ढोली होती, धान ठेवायची शेणानं लिंपलेली माणूसभर उंच कणगी. रिकामी होती. मी पाटावर चढले आणि दोन्ही शिवळा आत टाकल्या.

मग आम्ही चुलीपुढे वडे तळत आणि सासवांच्या नकला करत बसलो. तिकडे माजघरात मैत्रिणीच्या सासऱ्याने मुहूर्त पाहून नवीन, लवकर पिकणारा हलका धान आणवला, नारळ फोडला, आणि ढोली तोंडापर्यंत भरून टाकली.

जेवण झालं. नवऱ्याने शिवळा मागितल्या. मी माजघरात गेले आणि तशीच परत आले.

नवरा ढोली उपसायला निघाला, तर मैत्रिणीची सासू दारात आडवी. आज भरलेली लक्ष्मी आज काढायची नाही. गावातल्यांच्या शिवळा मागून आणल्या, तर त्या मनगटाएवढ्या. आमच्या कोरीव जुवाच्या भोकात जातील कशाला? बांबूच्या काड्या लावल्या, त्या वेशीपर्यंत मोडल्या. सुताराला शोधलं, तर सुतार दंडारीत राणी झाला होता. लुगडं नेसून, नथ घालून, तोंडाला पावडर लावून बसलेला. राणी म्हणाली, आज हातात लाकूड तासायचा वाकस धरणार नाही, उद्या सकाळी ये. नवरा त्या राणीच्या अक्षरशः पाया पडला.

ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली असेल. सुताराच्या नथीपर्यंत आले की बायका डोळे पुसत हसतात. तिथे मी थांबते.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर राणी उठली, तोंड धुतलं, आणि शिवळा घडेपर्यंत दुपार झाली. नवऱ्याने त्या जोडीच्या अंगाला कधी काठी लावली नव्हती, ती त्या दिवशी लावली.  

माहेरच्या वेशीवर पोचलो तेव्हा मंडईची दुकानं उठत होती. वडील अंगणात साखर वाटत होते. त्यांनी माझ्याही हातावर ठेवली. त्यांच्याकडूनच कळलं, पाहुणे दुपारपर्यंत थांबले होते. पोरीला तीनदा विचारलं, तीनदा ती म्हणाली, बाई येऊ द्या. मग पाहुण्यांनी बैल जुंपायला घेतले. तेव्हा वडील म्हणाले, बाईला सगळं ठाऊक आहे. तिची ना असती तर ती कालच येऊन बसली असती. सगळ्यांना ते पटलं. कुंकू लावलं.

मी म्हटलं, मला बोलायचं होतं. वडील म्हणाले, कुंकू लागल्यावर कायले बोलतेस? आणि खरंच, मी पुढे बोलले नाही. तोंडाळ म्हणून ख्याती असलेली मी साखर तशीच मुठीत धरून उभी राहिले.

कोणीतरी विचारलं, उशीर काऊन झाला? नवऱ्याला काय सुचलं कोण जाणे. बहुधा मला वाचवायलाच, त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. ढोली, सासू, राणी. लोक हसायला लागले. वडील हसले. नथीची गोष्ट आली तेव्हा त्याला नीट जमेना, म्हणून मीच पुढे झाले, पदर डोक्यावर घेतला आणि राणीचा आवाज काढून दाखवला. अंगणभर हशा झाला. मीही हसले.

बहीण आमच्या पायांवर घालायला पाण्याची बादली घेऊन आली होती. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. तिने बादली खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हास, बाई, हास. तुले का बिजवराच्या घरी जाचं हाये?"