राणीने दरवाजा उघडला का?

“कोनी दखं?”

कोणी पाहिलं, एवढंच ती विचारायची. अहिराणीत, मान थोडी कलती करून, डावा डोळा बारीक करून. सूर्य पूर्वेला उगवतो असं तिच्यासमोर कोणी म्हटलं असतं, तर तिने हाच प्रश्न टाकला असता आणि सूर्य साक्षीदार शोधत बसल्यामुळे सुरतेत त्या दिवशी उजाडायला दहा वाजले असते. मी जरा वाढवून सांगतो, हे आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिच्या बाबतीत वाढवायला जागाच नव्हती. देवाने आधीच वाढवून पाठवली होती.

कडोदऱ्याच्या एका कारखान्यात ती मागावरून उतरलेलं कापड तपासायची. तागा उजेडावर ताणायचा आणि तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग शोधायचा. बावीस वर्षं हेच. माझा अंदाज असा, की तिच्या टेबलावर आलेला तागा घाबरून आपली चूक आपणच कबूल करत असावा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानदाराने ‘ताजं आहे’ म्हटलं की ज्यांना वास यायला लागतो.

एकदा मी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला खमण घेऊन गेलो.

“आजचं आहे का?”

“आत्ताच आणलं, ताई. गरम आहे.”

“गरम तर कालचंही करता येतं.”

आणि खाल्लं नाही. बाकीच्यांनीही मग हात आखडता घेतला. ते दोन किलो खमण मी घरी चार दिवस खाल्लं.

ती नटी नव्हती. मंडळाच्या वार्षिक नाटकासाठी आम्ही पडद्याचं कापड घेतलं होतं, ते पाहायला मी तिला बोलावलं. हॉलच्या मागच्या भिंतीशी उभी राहून ती म्हणाली, “भाऊ, हे तुमच्या गळ्यात कोणी मारलं?” ते वाक्य रंगमंचापर्यंत आलं, रंगमंच ओलांडून बाहेरच्या रिक्षावाल्यापर्यंत गेलं आणि तो आत डोकावून “शुं थयुं?”, काय झालं, म्हणून विचारू लागला. नेहमी राणी करणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. मला राणी सापडली.

नाटक आमच्या अध्यक्षांनी निवडलेलं, लहानपणी एकदा पाहिलेलं, आणि त्यातलं राणीचं रडणं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलेलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापक निवृत्त झाले तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त होत नाही. जुनी, नावाजलेली शोकांतिका. गडाला वेढा पडतो. एका पहाटे कोणीतरी आतून दरवाजा उघडतं. शत्रू शिरतो, राजा आणि थोरला राजपुत्र मारले जातात. दरवाजा राणीने उघडला, असं सगळा गड म्हणतो. उरते तिची सहा वर्षांची मुलगी. शेवटी राणी बुरुजावरून उडी घेते. आजवर जिने जिने ही राणी केली तिने तिसऱ्या अंकापासून जे रडायला सुरुवात केली ते टाळ्या थांबेपर्यंत.

“राणी म्हणजे पश्चात्तापाची मूर्ती,” अध्यक्षांनी पहिल्या वाचनालाच सांगितलं. “पदर डोळ्यांना लावूनच प्रवेश करायचा.”

ताईने डावा डोळा बारीक केला. “सर, दरवाजा तिने उघडला हे कोनी दखं?”

“अहो, सगळे म्हणतात ना नाटकात.”

“तेच तर.”

पुढच्या रविवारी ती संहिता खुणा करून घेऊन आली. पहारेकरी म्हणतो मी घोड्यांच्या मोतद्दाराकडून ऐकलं. मोतद्दार म्हणतो दासीने सांगितलं. दासी त्या दिवशी माहेरी गेली होती, हे दुसऱ्या अंकात तीच सांगते. आणि गडाच्या किल्ल्या पहिल्या अंकाच्या शेवटी राजा कोणाच्या हाती देतो? राणीच्या दिराच्या. पुढे त्या किल्ल्यांचं कोणी नावही काढत नाही.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की पंख्याला आपलाच आवाज ऐकून लाज वाटली. आम्ही सगळे दिराकडे पाहू लागलो. दीर म्हणजे कतारगामला हिरे घासणारा एक भला माणूस. तो बिचारा उठून म्हणाला, “मला काय बघता? मी तर सर म्हणाले म्हणून आलो.”

त्या दिवसापासून ताईने त्याच्या हातचा चहा घेतला नाही. “तुमचा नको, भाऊ,” म्हणायची. हळूहळू इतर बायकाही त्याच्यापासून चपला उचलून लांब ठेवू लागल्या. त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, “यांनी तिथे काय केलंय?”

मला हा सगळा तमाशा वाटत होता. म्हणून एका रविवारी, बाकीचे निघून गेल्यावर, मी हसत म्हटलं, “ताई, सोडा ना. मेलेल्या राणीची वकिली कशाला?”

ती पाण्याची बाटली बंद करत होती. झाकण फिरवतच राहिली.

“मला थोरली बहीण होती. शिरपूरकडे दिलेली. एका पहाटे कोणाबरोबर तरी निघून गेली म्हणे. चार जणांनी सांगितलं. आईने त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही, आम्हालाही घेऊ दिलं नाही.” मग म्हणाली, “चौघांनी पाहिलं, भाऊ. आणि चौघांना तिच्या लुगड्याचा रंग वेगवेगळा दिसला.”

“मग कोणी विचारलं नाही?”

“मी चौदा वर्षांची होते.”

तेव्हा मला कळलं, की आमच्या हॉलमध्ये ती राणी उभी करत नव्हती. ती बहिणीला उभी करत होती. राणी रडली, तर बहीणही पळून गेलीच असं ठरणार होतं.

आता माझं पाप सांगतो. पुढच्या तालमीला तिने संहितेतल्या एका जागेवर बोट ठेवलं. “भाऊ, इथे धागा तुटलाय. आधी सगळे राणीला विचारताहेत. लगेच पुढे सगळे गप्प, आणि सरदार डोक्याला हात लावतो. मधे कोणीतरी काहीतरी बोललंय. कोण?”

झेरॉक्स मीच काढून आणली होती. दुकानदाराशी गप्पा मारता मारता दोन पानं एकदम उलटली गेली असणार. पानांचे आकडे खाली कापले गेले होते, त्यामुळे पत्ता लागला नाही. मी जळगावच्या मावसभावाकडून छापील पुस्तक मागवलं. प्रयोगाला आठ दिवस उरले असताना ते आलं. निसटलेल्या पानावर राणी भर दरबारात सांगते, की दरवाजा मीच उघडला.

मी ते पुस्तक स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि वर रेनकोट दाबला. तालमीत टाळ्या वाजवत सुटलो. वा ताई, काय ताई, असं प्रत्येक वाक्याला. चौथ्या दिवशी तिने मला दारात अडवलं.

“भाऊ, तुम्ही आजकाल जमिनीकडे बघून दाद देता. पुस्तक आलंय ना?”

“अजून नाही.” असलं खोटं मी आयुष्यात दहा हजार वेळा बोललो असेन, पण इतकं वाईट कधीच नाही. तिने फक्त हात पुढे केला.

पायरीवर बसून तिने ते पान वाचलं. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं आता ही उठेल, पिशवी घेईल आणि कडोदऱ्याची बस पकडेल. प्रयोग गेला, हे तर झालंच, पण तिच्या घरातलं ते एक नाव दुसऱ्यांदा गेलं, आणि या वेळी ते माझ्या हाताने गेलं.

“हे बोलताना तिथे कोण कोण उभं आहे?” तिने विचारलं.

मी कंसातली सूचना वाचली. दरबार भरला आहे. दीर उजवीकडे. त्याने छोट्या राजकन्येचा हात धरला आहे.

“कशाला धरलाय?”

मी कंस पुन्हा वाचला. कारण लिहिलेलं नव्हतं.

“आई समोर असताना पोरीचा हात काकाने कशाला धरलाय, भाऊ?”

प्रयोगाच्या दिवशी तिने त्या पानातलं एक अक्षर बदललं नाही. दरवाजा मीच उघडला, हे ती स्पष्ट बोलली, हिशेबाने प्रत्येक शब्द ठेवत, आणि सगळा वेळ दरबाराकडे नाही, राजाच्या रिकाम्या सिंहासनाकडे नाही, त्या मुलीच्या मनगटाकडे पाहत. वाक्य संपलं आणि दिराने मनगट सोडलं. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. तो हिरे घासणारा माणूस नंतर म्हणाला, “माझ्याने धरवेना.” त्याच्या आधी अर्धा क्षण, तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी ओरडली होती, “सोड तिले, मेल्या.” कोणी हसलं नाही.

अध्यक्ष बाहेर येऊन म्हणाले, “राणी रडली नाही.” आणि चष्मा पुसत राहिले.

पडदा पडल्यावर ती कुठे दिसेना. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात दहा दिवसांची रजा टाकली. दहाचे चाळीस झाले. मालकाने दुसरी बाई ठेवली. तिच्या खोलीत आता कामरेजहून आलेलं एक जोडपं राहतं.

बातमी मला नाटकातल्या दिराकडूनच लागली, त्याचं गाव शिरपूरच्याच बाजूला. ताई बहिणीच्या सासरच्या गावात राहिली आहे म्हणे. बहिणीला पाहिलं म्हणणाऱ्या चौघांपैकी दोघे वारले. तिसऱ्याने सांगितलं मी काही पाहिलं नव्हतं, चौथ्याने सांगितलं म्हणून बोललो. चौथा घरात असून घरी नाही असं कळवतो आणि मागच्या दाराने शेतात निघून जातो. ती रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसते. भांडत नाही, मोठ्याने बोलत नाही. त्याची सून तांदूळ घेऊन बाहेर येते, आणि दोघी मिळून निवडतात. परवापासून म्हणे संध्याकाळी सासरा शेतातून आला, की ती सूनच त्याला विचारते, तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात.