बोटीच्या दोरांची रिंग
हवा दमट झाली की बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीला अजून सुक्या मासळीचा वास येतो, आणि मुर्धा गावच्या मैदानावरची कुस्तीची ती रात्र डोळ्यांपुढे तरंगायला लागते. टीव्हीवर दाखवतात तशी, आधीच ठरवून खेळायची कुस्ती होती ती; मंडपवाल्याच्या फळ्यांवर गाद्या, भोवती कोळ्यांच्या बोटीचे दोर ताणलेले, आणि खाडीवरच्या वाऱ्यात हॅलोजनचा उजेड दुधासारखा हलत होता. दिवसा ऑफिसात बसणारा माझा मुलगा त्या रात्री काळा मुखवटा घालून खलनायक झाला होता. मुखवटा मीच शिवला होता, जुन्या परकराच्या कापडाचा. "आई, मी पडलो तरी ओरडायचं नाही हं, सगळं ठरलेलं असतं," असं त्यानं बजावलं होतं. माझ्या शेजारची म्हातारी कोळीण पहिल्यापासून ओरडत होती, "मार त्या काल्या तोंडाच्याला!" मग हिरोनं त्याला उचलून असं आपटलं की फळ्या वाजल्या आणि तो हललाच नाही. हिरो पुन्हा उडी मारायला दोरांवर चढला तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात तीच म्हातारी ताडकन उठून दोरापाशी गेली आणि ओरडली, "बस झाला रे! त्याला पन आय हाय!" हिरो वरच थबकला, हे त्यांच्यात ठरलेलं नव्हतं; आडवा पडलेला माझा मुलगाही मान उचलून बघायला लागला. त्या दोराचा हा तुकडा मी मागून आणून बाल्कनीत बांधला, आणि अजून कोणाला बदलू देत नाही.