मुक्तिधामाची चाबी

आमच्या बाबांना नगर निगमाचा टॅक्स भरायची भारी हौस. एप्रिल लागला की इस्त्रीचा शर्ट घालून जोन ऑफिसात, म्हणजे निगमाच्या इथल्या कचेरीत, हजर. खिडकी उघडायच्या आधी हे दारात. "टॅक्स भरला ना, मंग आता वर्षभर भांडाले मोकळा," असं म्हणायचे आणि खरंच वर्षभर भांडायचे. नालीवरून, खांबावरच्या लाइटवरून, तलावाकडून येणाऱ्या डासांवरून. बूढापाऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचे सगळे अर्ज टाइप करायचं काम माझ्या बोकांडी. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हे माझ्या खांद्यावरून वाकून म्हणणार, "'सविनय निवेदन' जरा जाडं कर." आमचं शहर हिंदी मुलखातलं, म्हणून अर्ज हिंदीत आणि भांडण मराठीत, असा आमच्या घरचा रिवाज होता.

पाटबंधारे खात्यात उभी हयात नोकरी केलेला माणूस. नियम म्हणजे त्यांचा कुलदेव. घरात दूध काय भावानं येतं ते त्यांना कधी ठाऊक नव्हतं, ते सगळं आई पाहायची. पण पेपरात निगमाचं बजेट छापून आलं की पेन घेऊन बसायचे आणि आपल्या वार्डाच्या वाट्याला काय आलं ते शोधायचे. आई म्हणायची, "महापौर झाले असते तर बरं झालं असतं, घरात तरी शांतता राहिली असती."

आई गेली ती भर श्रावणात. झड लागली होती, आभाळ उघडायचं नावच घेत नव्हतं. आमच्या वार्डाच्या मुक्तिधामात तेव्हा डोक्यावर काही नव्हतं. जुने टिन वादळात उडाले होते, नुसते खांब उरले होते. उघड्यावर सरण रचलं. लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या. डिझेल ओतलं, टायर टाकले, कोणी धावत जाऊन साखरेची थैली आणली. पेटायचं आणि सर आली की विझायचं. जिनं जन्मभर आम्हाला तव्यावरची गरम पोळी वाढली, तिला शेवटी धड आगही मिळाली नाही. बाबा छत्री घेऊन उभे होते, पण छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून सरणावर धरत होते. पुढचं मी सांगत नाही. सांगण्यासारखं नाही ते.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बाबा दुकानात आले. म्हणाले, "एक अर्ज टाइप कर. मुक्तिधामात शेड पाहिजे." मी मान खाली घालून टाइप करू लागलो. ते जरा वेळानं हळूच बोलले, "तुह्या मायची झाली तशी गत दुसऱ्या कोनाची नाही झाली पाहिजे." त्या दिवशी मी वैतागलो नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणतात. इथं सहा महिन्यांत आमचा अर्ज एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर गेला. वार्डाच्या तक्रार-शिबिरात बाबा पहिल्या खुर्चीवर बसायचे. पार्षद, म्हणजे आमचा नगरसेवक, दोन्ही हात जोडून म्हणायचा, "हव काका, हो जाएगा," आणि पुढच्या माणसाला तेच म्हणायचा. बजेटच्या सभेला बाबा पास काढून प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. एका वर्षी मीही सोबत गेलो. चौकात पाण्याचा फवारा, बगीच्यात ओपन जिम, रस्त्यावर स्वागतद्वार, सगळं वाचून झालं. शेडचं नाव नाही. मग पाण्याच्या टँकरच्या मुद्द्यावरून कोणीतरी ओरडलं, दुसऱ्यानं कागद फाडून भिरकावले, आणि त्या गोंधळातच सगळ्यांनी बाकं बडवली. बजेट पास. बाबा घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "फवारा लावून राहिले बाप्पा. वरून पडते ते कमी आहे काय?"

तरी माणूस हटला नाही. शेवटी एका वर्षी शेड बजेटात आलं. बाबांनी पेपरातली ती ओळ लाल पेनानं अधोरेखित केली आणि गल्लीत पेढे वाटले. मसानाच्या शेडचे पेढे वाटणारा दुसरा माणूस मी जन्मात पाहिला नाही. लोकांनी हातात घेतले, पण तोंडात टाकताना जरा थबकलेच.

काम सुरू झालं आणि बाबांना जणू पुन्हा नोकरी लागली. रोज सकाळी चहा पिऊन मुक्तिधामात. रेती चाळली का, सळई किती लावली, खांबांना पाणी मारलं का. ठेकेदाराचा माणूस आला नाही तर स्वतः बादली घेऊन पाणी मारायचे. मी म्हटलं, "बाबा, लोक हसून राहिले." तर म्हणाले, "हसू दे. इथंच यायचं आहे सगळ्याइले." शेड चांगलं झालं, त्यात वाद नाही. निळे पत्रे, उंच चौथरा, चारी बाजूंनी कमरेएवढी जाळी, लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप, आणि कुलपावर लाल फीत.

इथंच सगळं अडलं. आमच्याकडे काम झालं म्हणजे झालं असं नसतं. कोणीतरी येऊन फीत कापत नाही, नारळ फोडत नाही, तोवर ते झालेलंच नसतं. बगीच्यातले बाक कित्येक महिने प्लास्टिक गुंडाळलेले राहतात आणि म्हातारे शेजारच्या कठड्यावर बसतात, हे आम्ही पाहिलेलं. फवाऱ्याच्या फितीसाठी तर दोन पुढाऱ्यांच्या माणसांची चांगलीच जुंपली होती. पण मसानाची फीत कापायला कोण येणार? बाबा पार्षदाच्या घरी गेले तर तो कानाला हात लावून म्हणाला, "काकाजी, घर में बिटिया की शादी है. अभी श्मशान का फीता काटूँ?" लग्न झालं. मग म्हणाला, मुलीकडे गोड बातमी आहे, आता तर नकोच. वरच्या एका पुढाऱ्यालाही विचारून पाहिलं. निवडणूक तोंडावर असताना त्याला मुक्तिधामात फोटो नको होता. शुभ काम सगळ्यांना पाहिजे होतं. हे कोणालाच नको.

पार्षदानं मग एक युक्ती केली. कुलपाची चाबी बाबांच्या हातात ठेवली. "लोकार्पण तक आप ही सँभालो, आपसे ईमानदार कौन है." झालं! बाबांची छाती फुगली. त्यात जोन ऑफिसातल्या इंजिनियरनं बाबांना बजावून ठेवलं की लोकार्पणाच्या आधी शेड वापरलं तर ठेकेदार हात वर करेल, आणि पुढच्या बजेटात नळ आणि लाकडाची खोली मागायची आहे ती फाइल लटकेल. बाबांनी ते वाक्य वेदवाक्य मानलं. चाबी आईच्या जुन्या काळ्या गोफात ओवून जानव्यासोबत गळ्यात घातली.

आणि पुन्हा श्रावण आला, पुन्हा झड लागली. आमच्या मागच्या गल्लीत एक ऑटोवाला राहतो, मूळचा वर्ध्याकडचा. त्याची आई गेली. आमची आई वारली तेव्हा घरी चूल पेटली नव्हती. तेव्हा पिठलं-भाकर घेऊन हीच माउली आली होती आणि बाबांना समोर बसून खाऊ घातलं होतं तिनं. सकाळीच तो ओला होऊन दारात उभा राहिला. "काका, शेडची चाबी पाहिजे होती."

बाबा म्हणाले, "लोकार्पण नाही झालं बाबू."

त्याला वाटलं, ऐकू आलं नसेल. "काका, माय गेली माही. पानी पाहून राहिले ना तुमी?"

"एकाले देली तर उद्या सगळेच मागतीन. मंग नळबी नाही अन् लाकडाची खोलीबी नाही. अजून थोडे दिवस कळ काढली पाहिजे आपन."

तो वळून गेला. मी बाबांवर तोंड सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा इतका ओरडलो असेन. "काहून नाही देत? कोनासाठी बांधलं ते? मढं कळ काढते काय?" ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, "नियम आहे." मला त्या क्षणी ते नकोसे झाले. माझा बाप मला नकोसा झाला, हे सांगतानाही जीभ जड होते, पण तसं झालं.

त्या माउलीला शेडच्या बाजूला उघड्यावर दहन दिलं. तेच डिझेल, तेच टायर. कोरडा चौथरा हाताच्या अंतरावर, आणि मधे लाल फीत. बाबाही आले होते. त्यांनी पुन्हा छत्री पुढे धरली. ऑटोवाल्यानं ती हातानं बाजूला केली. जोरानं नाही, हळूच.

त्या दिवसानंतर बाबांचं काहीतरी आतून मोडलं. चौकातला चहा बंद. पेपर उघडायचे आणि नुसतेच धरून बसायचे. जोन ऑफिसात मात्र रोज जायचे, पाया पडल्यासारखे बोलायचे, "कोनीबी या, चपराशी या, पन फीत कापा." मग आचारसंहिता लागली. आता तर कोणी कापतो म्हणाला तरी कापता येईना. आचारसंहिता उठली, नवा पार्षद आला, त्याच्याही घरी काही ना काही शुभ होतंच.

पुढच्या पावसाळ्यात बाबांना दम लागू लागला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरकडे न्यायचो. डॉक्टर छातीचा फोटो पाहायचा आणि माझ्याशी बाहेर येऊन बोलायचा. एका दुपारी बाबांनी गळ्यातली चाबी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "मले शेडात नको नेजो." मी म्हटलं, काहीही नका बोलू. तर माझं मनगट धरलं. "ऑटोवाल्याच्या मायले नाही देली मी. मले कशी चालन?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चाबी खिशात टाकली.

गेले तेही झडीतच. तिरडी मुक्तिधामात टेकवली तेव्हा अंगावरची चादर चिंब झाली होती. झाडून सगळी गल्ली आली होती. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते, कारण चाबी माझ्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक. मीच बाबांना ओरडलो होतो की मढं कळ काढते काय. आता माझ्या खिशात चाबी, समोर बाप, आणि पाय उचलेना. आज उघडलं तर उद्या गल्ली म्हणेल, दुसऱ्याच्या मायसाठी नाही उघडलं, आपल्या बापासाठी उघडलं. आणि तसं म्हणतील तर खोटं काय म्हणतील?

ऑटोवाला गर्दीतून पुढे आला आणि त्यानं हात पसरला. "चाबी दे भैया."

मी म्हटलं, "बाबाच म्हनले, शेडात नको नेजो. तुह्या मायसाठी."

तो तापला. "माह्या मायसाठी? काकाले भिजवून माही माय कोरडी होते काय?"

मी नकाराची मान हलवली आणि माणसांना सांगितलं, बाहेरच रचा. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग गेला, ऑटोची ताडपत्री सोडून आणली आणि एक टोक स्वतः धरून ती सरणाच्या वर ताणली. दुसरी टोकं इतरांनी धरली. धूर त्याच्या तोंडात जात होता, डोळे लाल झाले, ताडपत्रीची कड वितळली, पण पेट घेईपर्यंत त्यानं हात खाली केला नाही. मी बापाला आग दिली आणि एकदाही ऑटोवाल्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

अस्थी सावडायला गेलो तेव्हाही भुरभुर सुरूच होती. रात्रभराच्या पाण्यानं राख नालीकडे वाहून गेली होती. ओल्या कोळशांत बोटं घालून हाडं शोधत होतो. सोबत ऑटोवालाच होता. बोलावलं नव्हतं, आला. मडकं अर्धंही भरलं नाही.

उठताना त्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि शेडकडे बोट केलं. जाळीवरून उड्या मारून कोणाच्या तरी शेळ्या आत शिरल्या होत्या. बाबांनी बादलीनं पाणी मारून पक्क्या केलेल्या त्या कोरड्या चौथऱ्यावर आरामात बसून रवंथ करत होत्या. फीत फाटकावर तशीच होती, फक्त लाल रंग ओघळून कुलपाखालच्या फरशीवर उतरला होता.

"देख भैया," तो म्हणाला, "झालं लोकार्पण."

मी मडकं त्याच्या हातात दिलं आणि चाबी काढली. कुलूप गंजलं होतं, जोर लावावा लागला. फीत हातानंच तोडली. फाटक उघडल्याच्या आवाजानं एका शेळीनं मान वर करून पाहिलं, पण जागची उठली नाही.