पुस्तकं दाबणारा जॅक

टॅक्सीचं मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा ड्रायव्हर जराही गडबडला नाही. मागच्या सीटवर एक गृहस्थ आणि त्यांची म्हातारी आई बसली होती, शहर मागे पडलं होतं, पण दिवस अजून बराच शिल्लक होता आणि चाक बदलणं हा त्याच्या हातचा मळ. "बसा निवांत, आत्ता होतं," असं म्हणत त्यानं डिकी उघडली. स्टेपनी होती. पाना होता. जॅक मात्र नव्हता. त्यानं चटई उचलून पाहिली, पुसायची फडकी बाजूला केली, आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं की जॅक चोरीबिरीला गेलेला नाही. तो घरी आहे. पलंगाखाली, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या शब्दकोशावर.

त्याचं असं झालं होतं. त्याची बायको लग्नाआधीपासून एका छापखान्यात बांधणीच्या कामाला होती. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या शिवायच्या, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. मालक थकला, त्याच्या मुलांना त्या धंद्यात गोडी नव्हती, आणि एका सोमवारी छापखान्याला कुलूप लागलं. हत्यारं सगळी मालकाची, ती तिथंच राहिली. ही घरी आली ती नुसते दोन हात घेऊन. काही दिवस उगाच भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा घासत बसली. मग मास्तरीणबाई आपला पाठ मोडलेला शब्दकोश घेऊन आल्या आणि तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

कापायला घरातला सुरा चालला, शिवायला गोधडीची सुई चालली. अडलं ते दाबण्यापाशी. खळ लावलेलं पुस्तक भक्कम दाबाखाली वाळलं नाही तर फुगतं, वाकडं होतं. छापखान्यात त्यासाठी लोखंडी शिकंजा होता, पुरुषभर उंचीचा, वर मोठं चाक असलेला. घरी काय? तिनं शब्दकोश दोन फळ्यांमध्ये घातला, पलंगावर ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाली, "या, बसा जरा."

"कुठं?"

"ह्याच्यावर. मीही बसते."

दोघं नवरा-बायको अख्खी संध्याकाळ एका शब्दकोशावर बसून राहिले. जेवलेही तिथंच. मधेच दार वाजलं तेव्हा उठायचं कुणी यावरून वाद झाला आणि शेवटी "दार उघडंच आहे, ढकला" असं आतूनच सांगावं लागलं. मास्तरीणबाईच आल्या होत्या. आपला शब्दकोश कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही, आणि यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर कामावर जायला निघाला तशी तिला दुसरी युक्ती सुचली. पलंग लोखंडी, त्यावर घरातल्या सगळ्या ट्रंका रचलेल्या. पुस्तक पलंगाखाली ठेवायचं, वर फळी, फळीवर जॅक, आणि जॅक फिरवत न्यायचा. जॅक पलंग उचलायला बघणार आणि पलंगाचा सगळा भार पुस्तकावर येणार. तो जॅकही काही मोठा ऐवज नव्हता. भंगारवाल्याकडून चहापाण्याच्या पैशात उचललेला, स्क्रूचा, फिरवायची दांडी किंचित वाकलेली. "संध्याकाळपर्यंत देते परत," ती म्हणाली होती. त्यावर आता तीन संध्याकाळी उलटल्या होत्या.

तर ड्रायव्हर रस्त्यावर उभा राहून हात करत राहिला. बऱ्याच वेळानं एक ट्रक थांबला. ट्रकवाला खाली उतरला, डिकीत डोकावला आणि म्हणाला, "टॅक्सी चालवतोस आणि जॅक नाही जवळ?"

"आहे. बायकोनं घेतलाय."

"बायकोला जॅक कशाला लागतो?"

"पुस्तक दाबायला."

ट्रकवाल्यानं त्याच्याकडे आधी रागानं, मग संशयानं आणि शेवटी जरा दयेनं पाहिलं, आणि आपला जॅक आणून दिला. गृहस्थ मात्र भडकले होते. असली माणसं कामाला ठेवतात कशी, वगैरे त्यांनी सुरू केलं. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या आजी हसायला लागल्या. आवाज न करता, नुसत्या हलत हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे, गप्प बस की," त्या मुलाला म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला विचारलं, "फाटकं पुस्तक नीट करते का रे तुझी बायको? माझ्याकडे एक गोष्टींचं पुस्तक आहे. लहानपणी मिळालेलं. आता उघडलं की पानं मांडीवर येतात."

वाटभर ड्रायव्हरनं बायकोला काय काय सुनवायचं याची मनातल्या मनात तालीम केली होती. घरी पोचला तो हातात रुमालात गुंडाळलेलं आजींचं पुस्तक घेऊन. सुनवायचं ते त्यानं सुनवलं, पण त्यात काही दम राहिला नव्हता. ती रुमाल सोडून पानं पाहत होती.

"ऐकतेस का मी काय म्हणतोय ते?"

"ऐकतेय. तुम्ही गाडीला दुसरा जॅक घ्या."

"आणि हा?"

"हा आता कामाला लागला," ती म्हणाली.

गाडीला नवा जॅक आला. जुना घरीच राहिला. कोपऱ्यावरच्या सुतारानं मोडक्या दाराच्या चौकटीची एक बुटकी, दणकट चौकट करून दिली. तिच्यात खाली पुस्तकं, वर जॅक. पलंग आणि ट्रंका सुटल्या. बाई बसक्या स्टुलावर बसून दांडी फिरवायची. आजींचं पुस्तक गेलं, आजींच्या बहिणीचं आलं, मग कुणाची शाळेची पुस्तकं, कुणाचे नकाशे. गल्लीत तिचं मूळ नाव मागे पडलं आणि सगळे तिला जॅकबाई म्हणायला लागले. तिला ते आवडायचं की नाही, हे ड्रायव्हरला कधी कळलं नाही. पण कुणी खालून "जॅकबाई आहेत का?" म्हणून हाक मारली की ती ओ द्यायची.

बाकीची हत्यारं तिनं अशीच जमवली. फुटपाथवर कापड पसरून बसणारा एक हत्यारवाला होता. त्याच्यासमोर ती भाजी निवडावी तशी बसायची. चामडं कापायची एक रापी तिनं त्याच्याकडून घेतली. मूठ तडकलेली होती म्हणून कुणी हात लावत नव्हतं. तिनं पातं नखावर टेकवून पाहिलं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, आणि मुठीला दोरा गुंडाळून ती आयुष्यभर वापरली. भोकं पाडायची आरी तिथलीच. घडी घासायला तिनं दात घासायच्या जुन्या ब्रशची दांडी घासून गुळगुळीत केली. स्वस्तातलं सगळंच टिकलं असं मात्र नाही. एक चकचकीत कात्री तिनं ड्रायव्हरच्या आग्रहाखातर घेतली होती, तिची धार दुसऱ्याच पुठ्ठ्याला वळली. पुढं कित्येक वर्षं, त्यानं कुठल्याही वस्तूची तारीफ केली की ती फक्त "कात्रीसारखी का?" एवढं विचारायची.

एकदा त्यानं विचारलं होतं, "अगं, तुझी ही हत्यारं मोडत कशी नाहीत? माझ्या गाडीचं बघ, दर महिन्याला काहीतरी."

"तुम्ही गाडी पुसता ती दिसायला बरी दिसावी म्हणून," ती म्हणाली. "मी पुसते ती गंजू नये म्हणून." आणि जॅकच्या आट्यांमध्ये जुन्या बनियनच्या चिंधीनं तेल भरत राहिली. तो जरा दुखावला, पण दुसऱ्या दिवशी त्यानं टॅक्सीचं बॉनेट उघडून आत नजर टाकली, हेही खरं.

त्यांना एकच लेक. ती त्या चौकटीशेजारी रांगली, पुठ्ठ्याच्या कातरणांची घरं करून खेळली, आणि आईच्या कमाईवरच शिकून मोठ्या ऑफिसात लागली, राहायलाही तिकडंच गेली. पहिल्यांदा हातात बरे पैसे आले तेव्हा तिनं एक बेत केला. आईला न सांगता तिनं गावोगावच्या बंद पडलेल्या छापखान्यांत चौकशी केली आणि एक खराखुरा लोखंडी शिकंजा मिळवला. हमाल तो जिन्यावरून वर आणताना अख्खी इमारत दारात उभी होती. काळाभोर, वर पितळी टोपी, चाक दोन्ही हातांनी धरण्याइतकं मोठं.

"आई, आता पुरे झाला तो जॅक," लेक म्हणाली.

आईनं शिकंज्याच्या चाकावरून हात फिरवला. "आमच्या छापखान्यात असाच होता," एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. ड्रायव्हरनं तिला रडताना फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे तोही घुटमळत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आठवडाभर तिनं शिकंजा वापरला. मग उजवा खांदा धरला. चाक फिरवायला उभं राहावं लागायचं आणि सगळं अंग घालून ओढावं लागायचं. वयही आता छापखान्यातलं राहिलं नव्हतं. जॅकला नुसतं मनगट पुरायचं, तेही बसल्या बसल्या. तिनं मुकाट्यानं सुतारी चौकट पुन्हा पुढं ओढली.

"लेकीला सांगून टाक," ड्रायव्हर म्हणाला.

"काय सांगू? इतक्या हौसेनं आणलाय पोरीनं."

तेव्हापासून दोघांचं एक नाटक सुरू झालं. लेकीचा फोन आला, की येतेय, की ड्रायव्हर जॅक पलंगाखाली ढकलायचा आणि ती चार पुस्तकं शिकंज्यात घालून चाक जेमतेम टेकवायची. लेक यायची, कौतुकानं पाहायची, "छान काम देतो ना?" म्हणायची. "छान," आई म्हणायची. ड्रायव्हर अशा वेळी खोकायचा. एरवी शिकंज्याच्या चाकावर टॉवेल वाळत असायचे. टॉवेल वाळवायला मात्र ते फार सोयीचं होतं.

हे चाललं असतं तसंच, पण एकदा लेक फोन न करताच आली. जवळपास काहीतरी काम होतं, ते लवकर आटपलं. दार उघडंच होतं. आई स्टुलावर बसून जॅकची दांडी फिरवत होती, वडील तिला पुस्तकं देत होते, आणि शिकंज्यावर वडिलांचा पायजमा पसरला होता.

ड्रायव्हर उठला आणि काही सुचेना म्हणून त्यानं पायजमा काढून घडी घालायला घेतली. लेक आत येऊन पलंगावर बसली. चहा झाला. तिनं कपावरून नजर वर केली नाही.

"किती दिवस?" शेवटी तिनं विचारलं.

"पहिल्यापासून," आई म्हणाली. "खांदा दुखतो गं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू तो आणलास त्या दिवशी मला वाटलं, आपण इतकी वर्षं काय करत होतो ते कुणीतरी पाहिलंय. ते परत द्यायला हात होईना."

लेकीनं कप खाली ठेवला. ड्रायव्हरला वाटलं, आता ही उठून जाते. ती उठली, पण आईजवळ गेली आणि म्हणाली, "सरक." स्टुलावर बसून तिनं दांडी धरली. आधी झटक्यानं फिरवली. आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "हळू. खळ बाहेर येते. आता थांब. आता थोडंसं. बघ, दांडी जड झाली की पुस्तक पुरे म्हणतंय." लेकीनं पुन्हा फिरवली, थांबली, आणि तिला ते कळलं असावं, कारण ती एकदम हसली. "आणि मी शिकंज्यासाठी कुठकुठली धूळ खाल्ली," ती म्हणाली. "त्या छापखान्यात वटवाघळं होती, बाबा."

मग वटवाघळांची गोष्ट निघाली, आणि आई हसता हसता खांदा धरून बसली.

शिकंजा पुढं वाचनालयात गेला. तिथं जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीची एक खोली नव्यानं सुरू झाली होती आणि तरुण, धट्ट्याकट्ट्या मुली उभ्यानं काम करत होत्या. त्यांना तो लगेच जमला. आठवड्यातून काही दुपारी जॅकबाई तिथं शिकवायला जायला लागल्या. मुलींनी हत्यारांची यादी मागितली तेव्हा त्यांनी यादी दिली नाही, सगळ्यांना घेऊन त्या फुटपाथवर जाऊन बसल्या आणि पातं नखावर कसं टेकवायचं ते दाखवलं. येताना मुलींच्या पिशव्या खुळखुळत होत्या आणि बाईंचा आवाज बसला होता, इतकी घासाघीस झाली होती.

ड्रायव्हरनं आता टॅक्सी सोडली आहे. गुडघे क्लच दाबू देत नाहीत. सकाळी तो खळ शिजवतो. गुठळी राहिली तर बोलणी खातो. पण त्याचं खरं काम दुपारचं. नव्यानं बांधलेलं पुस्तक एकदम मधोमध उघडलं तर पाठ तडकते. पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, असं करत करत ते हळूहळू मोकळं करावं लागतं. बायकोनं हे काम त्याच्यावर सोपवलंय. जन्मात ज्यानं कधी वाचायला पुस्तक उघडलं नाही, तो आता रोज उघडतो, आणि उघडलंच आहे म्हणून वाचतोही, मोठ्यानं. कुठल्या तरी राणीचं जहाज, मग हिवतापावरचा उपाय, मग कुणाचं तरी पत्र. आगापिछा काही नाही.

"'तो दारात थबकला,'" त्यानं परवा वाचलं, "'आणि म्हणाला, मी परत आलोय खरा, पण'" इथं पान संपलं. त्यानं पुस्तक उलटून मागच्या बाजूनं उघडायला घेतलं.

जॅकबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "मागून काय उघडताय? पुढचं पान वाचा की. पण काय?"

"पाठ तडकेल ना."

"नाही तडकत. मी बांधलंय ते. वाचा."