विमानाच्या जाहिरातीत आमचं घर

एका नव्या विमान कंपनीची जाहिरात मालवणच्या किनाऱ्यावर होणार होती. एक विमान उडणार आणि दुसऱ्यातून त्याची रंगीत फिल्म काढणार. आपलं घर वरून ओळखू यावं म्हणून काकीने ठेवणीतलं लाल लुगडं अंगणात पसरलं. वैशाखातले दिवस, वाडीत अंगणोअंगणी कोकमाची लाल सोलं वाळत होती. काकीने आमची तेवढी उचलली, लुगड्याला जागा हवी म्हणून.

पुढे मुंबईच्या थेटरात काका-काकींबरोबर मी ती जाहिरात पाहिली. विमानाखाली माडांतून नुसते लाल ठिपके.

"तां बघ आमचा घर," काकी म्हणाली.

"तां नाय गो, ती सोलां," म्हणत काकाने दुसराच ठिपका दाखवला.

विमान कोणी पाहिलंय? मी तिसऱ्या ठिपक्यावर अडून बसलो होतो.