लांगेर्नचं निशाण

जत्रेच्या सकाळी गुलहानच्या हातातून कॉफीचा वाडगा निसटला आणि फरशीवर फुटला. मारिव्होनने काही न बोलता केरसुणी आणली. एरवी त्याची बायको एवढ्यावर सोडणारी नव्हे, त्यामुळे ती गप्प राहिली याचीच त्याला जास्त धास्ती वाटली.

उजव्या हाताची बोटं हिवाळ्यापासून दगा देत होती. मधूनच बधिर व्हायची, मग हातात काही आहे की नाही तेच कळायचं नाही. याच हाताने त्याने जन्मभर लांगेर्नच्या छपरांवर काळ्या दगडी पाट्या ठोकल्या होत्या. गावातल्या निम्म्या घरांत पाणी गळत नाही ते त्याच्यामुळे. पण तो छपरांचं कधी सांगत नसे, सांगायचा ते निशाणाचं.

संत हेर्नोचं निशाण म्हणजे लाल मखमल, त्यावर जरीचा संत, लांबलचक जड काठी आणि टोकाला पितळी क्रूस. दरवर्षी जत्रेत ते एकट्यानेच पेलायचं. सासऱ्याने ते त्याच्या हाती दिलं ते मुलगी देताना केला नव्हता एवढा विचार करून. चॅपलचं दार बुटकं. निशाण जवळजवळ आडवं करून, वरच्या शिळेला किंवा जमिनीला लागू न देता बाहेर काढायचं. मग चौकात शेजारच्या त्रेव्हिदेलचं निशाण समोरून येतं. दोन्ही झुकतात, क्रूसाला क्रूस टेकतो, आणि दोन्ही पुन्हा सरळ उभी राहतात. बस, एवढंच. पण एवढ्यावर लांगेर्नमध्ये माणसाची पत ठरते. ल मोअलांच्या कुणा पणजोबाने कधीकाळी त्या शिळेवर क्रूस आपटला. ओरखडा अजून आहे आणि ते घराणं अजून ‘चौकटफोडे’च आहे. त्यांच्यातल्या एकाने गावाला शाळेसाठी जमीन दिली, ते मात्र कुणाला आठवत नाही. असलं भिकार गाव! आणि याच गावासमोर आज आपलं नाक कापलं जाणार, हे गुलहानला दिसत होतं.

चॅपलच्या अंगणात पुतणी भेटली. एनोरा डुकरं पाळायची. दंड असे की गावचे पैलवान तिच्याशी पंजा लढवायला कचरत.

“काका, यंदा मी धरू? रोज डुकरांची धुडं उचलते मी.”

“निशाण म्हणजे डुक्कर नव्हे.”

“डुक्कर वळवळतं तरी. निशाण बिचारं गप असतं.”

“बायकांनी कधी उचललंय का ते?”

“बायकांनी कधी पाडलंय का ते?”

आजूबाजूचे हसले. गुलहानही हसला, आणि उजवा हात हळूच कोटाच्या खिशात लपवला. मारिव्होनने ते पाहिलं. त्याच्या कमरेचा चामडी पट्टा आवळता आवळता ती पुटपुटली, “मला सगळं ठाऊक आहे. सांगून टाक ना.”

“संध्याकाळी सांगतो.”

“संध्याकाळपर्यंत काय शिल्लक राहणार आहे?”

घंटा वाजली. गुलहानने काठी आडवी केली आणि श्वास रोखून दारातून निघाला. क्रूस शिळेखालून सुटला तेव्हा कानशिलांवरून घाम ओघळत होता. लोकांनी गाणं उचललं. आता उरला फक्त चौक.

समोरून त्रेव्हिदेलचं निशाण घेऊन टांगी आला. तरुणपणी कुस्तीच्या आखाड्यात दोघांचं फाटलं होतं, तेव्हापासून वर्षातून एकदा निशाणंच काय ती भेटायची. क्रूसाला क्रूस टेकला, आणि त्याच क्षणी गुलहानची बोटं गेली. काठी हातात आहे हे त्याला नुसतं दिसत होतं, जाणवत नव्हतं. सगळा भार समोरच्या निशाणावर गेला. आता पडणार, तो मनाशी म्हणाला.

पडलं नाही.

“टेक, टेक,” टांगी ओठांतल्या ओठांत म्हणाला. “गेली काही वर्षं मीही तुझ्यावरच टेकतोय. पाठ गेली माझी. तुला कळलं नाही?”

“नाही.”

“मग आता वर कसं घ्यायचं?”

दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. एक हलला की दुसरा कोसळणार. दोन्ही निशाणं एकमेकांना टेकून उभी होती, आणि लोकांना वाटलं, काय सुंदर भेट चाललीय! फादरनी तर टोपी काढली. गाणं संपत आलं. गर्दीत गुलहानला मारिव्होनचा चेहरा दिसला, पांढराफटक.

“एनोरा!” तो ओरडला. अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला. “ये इकडे. माझ्या हातात दम राहिला नाही. निशाण धर.”

गाणं तिथंच थांबलं. कुणीतरी म्हणालं, “बाई?” तोवर एनोराने काठी धरलीही होती. ती उचलणार तोच टांगी घाईघाईने कुजबुजला, “हळू गं पोरी. माझ्याकडे एनोरा नाही.”

तेव्हा गुलहान मोकळा झालेला डावा हात घेऊन पलीकडे गेला आणि त्याने त्रेव्हिदेलच्या काठीला हात घातला. लांगेर्नच्या माणसाने दुसऱ्या गावाचं निशाण धरलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. “एनोरा, आता,” तो म्हणाला. दोन्ही क्रूस एकदमच वर गेले.

मागून एक ल मोअल खूश होऊन ओरडला, “चला, आमच्या जोडीला आणखी एक घराणं आलं!”

“आलो की,” गुलहान म्हणाला, आणि टांगीच्या काठीवरचा हात न काढता चालू लागला.